स्थायी पत्त्याचा रकाना

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असं संपादिकाबाईंनी तिसऱ्यांदा फोन करून सांगितलं, तेव्हा माझ्याआधी आमच्या ज्योतीनंच उत्तर दिलं. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "लिवून टाका न एकदाचं. घरी तेच तेच सांगून राहिले. छापून आलं का आम्ही सुटलो."

आम्ही म्हणजे ती आणि आमची पोट्टी. पोट्टीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. ती मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "पापा, बस बुधराम वाला लिखना. बाकी सब बोरिंग है."

तेव्हा बुधरामचंच लिहितो. पण आधी मी करतो काय, ते सांगायला हवं. लग्नकार्यात नातेवाईक विचारतात तेव्हा मी म्हणतो, लॉज चालवतो. गुढियारीत, रेल्वेच्या बाजूला. चाळीस खाटा. "वा, वा," असं म्हणून ते पुढच्या पंगतीला जातात. खरं म्हणजे ते शहरी बेघरांचं आश्रयस्थळ आहे. पाटीवर लांबलचक नाव आहे, लोक रैन बसेरा म्हणतात, आणि तिथं राहणारे नुसतंच 'भवन' म्हणतात. मी त्याचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे चाव्या, चादरी, ढेकूण आणि भांडणं, या क्रमानं.

हे भवन भागीदारीत चालतं. इमारत निगमची, म्हणजे महापालिकेची. वीज आणि पाणी निगमचं. माणसं आमच्या संस्थेची, म्हणजे मी आणि माझ्यासारखे आणखी तिघं. रात्रीचं जेवण बाजारातल्या एका अन्नदान मंडळाचं. आठवड्यातून एकदा डॉक्टर येतो, तो सरकारी दवाखान्याचा. ऐकायला छान वाटतं. एकदा मागच्या नळाची तोटी गेली. निगम म्हणे पाइप आमचा, तोटी संस्थेची. संस्था म्हणे तोटी इमारतीला चिकटलेली आहे, म्हणजे इमारतीची. अन्नदानवाले म्हणे आम्ही तिथं फक्त पातेली धुतो. मी तिघांना तीन पत्रं लिहिली आणि तिघांची तीन सुंदर उत्तरं आली. शेवटी आमच्या द्रौपदी दीदीनं सायकलच्या जुन्या ट्यूबनं तो नळ बांधून टाकला. सगळ्या भागीदारीत आजवर सर्वांत जास्त टिकलेली गोष्ट म्हणजे ती ट्यूब.

द्रौपदी दीदी वरचा, म्हणजे बायकांचा हॉल सांभाळते. छत्तीसगढी बाई, आवाज असा की खालच्या हॉलमधले पुरुषही अंथरुणं नीट घालतात. मी मॅनेजर आहे हे तिला माहीत आहे, पण ती ते मनावर घेत नाही.

आमच्याकडे येणारी माणसं कशी असतात, असं लोक विचारतात. मी अकरा नंबरच्या खाटेची गोष्ट सांगतो. त्या खाटेवर दोन माणसं राहत. एकजण सिलतऱ्याच्या कारखान्यात रात्रपाळीला, तो दिवसा झोपे. दुसरा गुढियारीच्या बाजारात हमाल, तो रात्री. दोघांनी एकमेकांना महिनोन्‌महिने पाहिलं नव्हतं, पण भांडण कडाक्याचं. "त्याले सांगा भैया, उशीला तेल चोपडू नको." संध्याकाळी मी तो निरोप पोचवायचो. "अच्छा? मग त्याले सांगा, चादरीवर कोळसा सांडू नको." सकाळी तो पोचवायचो. मी चाळीस खाटांचा मॅनेजर कमी आणि त्या एका खाटेचा टपालवाला जास्त होतो. मग एकदा कारखाना बंद राहिला आणि दोघं खाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे. मी मध्ये पडायच्या तयारीत. तर दोघं नव्या नवरानवरीसारखे लाजले. "तुम बइठो." "नहीं, तुम बइठो." शेवटी खाट तशीच रिकामी ठेवून दोघं चहा प्यायला गेले. त्यानंतर उशीजवळ तेलाची बाटली दिसू लागली, दोघांत एक.

असो. आता मुद्द्याची वस्तू. आमच्या धंद्यात खाटेपेक्षा मोठी वस्तू असते रजिस्टर. माणूस दारात आला की चादर देण्याआधी रजिस्टर उघडायचं. नाव, बापाचं नाव, वय, काम, आजार, स्थायी पता, अंगठा. खालच्या हॉलचं रजिस्टर निळं, वरच्या हॉलचं लाल. त्यावरून निगमला कळतं किती माणसं आली, त्यावरून रेशनकार्डाचे अर्ज जातात, म्हाताऱ्यांची पेन्शन जाते, घरांची यादीही त्यावरूनच निघते. ज्याच्याकडे कागद म्हणून काहीच नाही, त्याचा पहिला कागद म्हणजे आमच्या रजिस्टरची ती ओळ.

आणि इथं माझ्या घराण्याचा दोष आड आला. आमचे बाबा रेल्वेच्या मालऑफिसात बाबू होते. त्यांचं अक्षर मोत्यांसारखं आणि त्यांचा एकच धर्म, रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे ताटात टाकलेलं अन्न. मी शाळेच्या फॉर्मवर 'छंद' रिकामा सोडला म्हणून त्यांनी मला परत बसवलं होतं आणि मी 'तबलावादन' लिहिलं होतं. आमच्या घरी आजही तबला नाही.

तोच मी, बेघर माणसांच्या रजिस्टरात 'स्थायी पता' असा रकाना असलेल्या नोकरीत येऊन पडलो. छापणाऱ्यानं कुठल्यातरी लॉजचं रजिस्टर बघून छापलं असणार. माणूस बेघर आहे म्हणून तर दारात उभा आहे, आणि आम्ही त्याला विचारतो, घर कुठं? दुसरा कोणी असता तर रेघ मारून पुढे गेला असता. मी कशाला मारतोय. मी विचारायचो, "गाव कोणतं? पारा, म्हणजे वस्ती, कोणता? घराजवळ काय आहे? देऊळ? विहीर?" आणि टपोऱ्या अक्षरात लिहून काढायचो. एकदा मोठे साहेब तपासणीला आले, रजिस्टर चाळलं आणि चारजणांसमोर म्हणाले, "ह्याला म्हणतात काम. एकही कॉलम खाली नाही." त्या दिवशी मी घरी जाताना पेढे नेले. ज्योती म्हणाली, "पगार वाढला काय?" मी म्हणालो, "त्याहून मोठं आहे." तिनं पेढा खाल्ला, पण विश्वास ठेवला नाही.

आता बुधराम. बुधराम आणि त्याची बायको सुकवारो. तो बुधवारचा, ती शुक्रवारची. मधे एक दिवस, आणि तो भांडणासाठी ठेवलेला. बुधराम तरुणपणी पायरिक्षा ओढायचा, मग गुडघे गेले. सुकवारो बाजारात सांडलेलं धान्य झाडून गोळा करायची, निवडायची आणि दुकानदाराला परत द्यायची. त्यातला वाटा तिला मिळे. दोघं ओव्हरब्रिजखाली राहत. तिथं त्यांचा कोपरा होता, तीन विटांची चूल होती आणि खांबाला खिळा ठोकून लावलेला देवाचा फोटो होता.

थंडी वाढली की निगमची गाडी संध्याकाळी फिरते आणि उघड्यावरच्या लोकांना आश्रयस्थळात आणते. त्या गाडीत मी असतो. पहिल्या दिवशी मी उतरून माझं नेहमीचं भाषण केलं. गरम पाणी, दोन चादरी, डॉक्टर. बुधराम म्हणाला, "हव." तो छत्तीसगढी बोलायचा, मी इथं आपल्या भाषेत लिहितोय, पण हा 'हव' तसाच ठेवतो. होकारासाठी इतका मऊ शब्द आपल्याकडे नाही.

सुकवारोनं मात्र विचारलं, "दोघं एका ठिकाणी?"

मी सांगितलं, पुरुष खाली, बायका वर.

"मग नाही," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. तिसऱ्या दिवशी बुधरामला खोकल्याची अशी उबळ आली की तो खांब धरून खाली बसला. तेव्हा मी ते बोललो जे माझ्या हातात नव्हतं. म्हणालो, "काकी, निगम बेघरांसाठी घरांची यादी करतंय. भवनात आलात तर तुमचं नाव यादीत जाईल. एक खोली, एक दार, दोघांचं. होळीच्या आत."

सुकवारोनं फोटो खिळ्यावरून काढून पदरात बांधला. "होळी," ती म्हणाली. "होळी झाली आणि आम्ही असेच वर-खाली राहिलो, तर मी माझा डोकरा घेऊन इथं परत येईन. मग तुझी गाडी इथं थांबवू नकोस."

डोकरा म्हणजे म्हातारा. तिचा म्हातारा.

भवनात आल्यावर मी निळं रजिस्टर उघडलं. नाव, बापाचं नाव, सगळं झालं. मग आला स्थायी पता. मी विचारलं, गाव? त्यानं बलौदाबाजारकडचं एक गाव सांगितलं. घर कुठं? "तलावाजवळ," तो म्हणाला. झालं. मी लिहिलं, 'पैतृक मकान, तालाब के पास', पुढे गाव, तहसील, जिल्हा. वर्गात पहिला आल्यासारखं वाटलं. मग दीदीनं लाल रजिस्टरात सुकवारोला लिहिलं, आणि दोघं दोन जिन्यांच्या दोन टोकांना गेले.

दोन जिने म्हणतोय, पण जिना एकच. मधे वळणावर एक टप्पा आहे, दोन माणसं बसतील एवढा. नियमात लिहिलंय, पुरुषांनी वर जायचं नाही, बायकांनी खालच्या हॉलमध्ये यायचं नाही. टप्प्याबद्दल नियमात काहीच नाही. हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, सुकवारोला पहिल्याच संध्याकाळी कळलं. ती ताट घेऊन चार पायऱ्या उतरली, तो ताट घेऊन गुडघ्यावर हात टेकत आठ पायऱ्या चढला. दुसऱ्या दिवशी टप्प्यावर गोणपाट आलं. तिसऱ्या दिवशी भिंतीला तो देवाचा फोटो लागला. आठवड्याभरात लोक त्या टप्प्यावरून जाताना चपला हातात घेऊ लागले, कारण सुकवारो ओरडायची, "घरातून चपला घालून जाता काय!"

"भैया, जिन्यात संसार मांडला त्यांनी," दीदी माझ्याकडे तक्रार घेऊन आली.

"मग हटवू?"

"हटवून तर बघा," दीदी म्हणाली. आठ वाजता सगळ्यांनी आपापल्या हॉलमध्ये जायची घंटा वाजवायचं काम तिचं होतं. त्या हिवाळ्यात तिचं घड्याळ रोज पंधरा-वीस मिनिटं मागे पडत गेलं.

माघ सरता सरता घरांची यादी निगमच्या भिंतीवर लागली. मी दोघांना घेऊन गेलो. सुकवारोनं त्या दिवशी केसांना तेल लावलं होतं. मी वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं. नाव नव्हतं.

मग काय विचारता. मी तडक ढोमणे साहेबांच्या टेबलापाशी. ढोमणे म्हणजे आपल्यातलेच, नाव बदललंय, पण वाचताना ते स्वतःला ओळखतील. आमच्या भवनाचं काम निगमकडून तेच बघतात. मी दोन म्हाताऱ्यांना मागे उभं करून असं बोललो की शेजारच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं. गरिबांची थट्टा म्हणालो, कागदी घोडे म्हणालो, थंडीत पुलाखाली एक संध्याकाळ काढून दाखवा म्हणालो. ढोमणे शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी एक फाईल काढली.

"यांचं नाव काहून कटलं माहीत आहे? गावात पक्कं घर. ज्याचं कुठंबी घर आहे, त्याले बेघराच्या यादीत घेता येत नाही."

"कोणी सांगितलं यांचं गावात घर आहे? कोण्या शहाण्यानं?"

त्यांनी फाईल माझ्याकडे फिरवली. आमच्या निळ्या रजिस्टरच्या पानाची प्रत होती. 'पैतृक मकान, तालाब के पास.'

"अक्षर तं लय सुंदर आहे बावा तुमचं," ढोमणे म्हणाले.

मी त्या पानाकडे बघत राहिलो. माझी वेलांटी बाबांसारखी येते, अगदी तशीच. मागे सुकवारो विचारत होती, काय झालं, साहेब काय म्हणाले? ढोमणेंनीच सांगितलं, "काकी, कागदात एक चूक आहे. दुरुस्त होते. पंधरा दिवस आहेत." कोणाची चूक, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना आजवर दोनदा जेवायला घातलंय, आणि दोन्ही वेळा त्यांनी जेवताना ती गोष्ट ज्योतीला सांगितली.

दुरुस्तीसाठी गावच्या पंचायतीचा लेखी पंचनामा हवा होता, की तिथं बुधरामचं घर नाही. बुधराम म्हणाला, "हव," पण या वेळी तो 'हव' फार बारीक होता. गाव सोडल्यापासून तो परत गेला नव्हता. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारून लिहून घेण्याची माझी हौस त्या आठवड्यात जरा कमी झाली होती. जाताना त्यानं माझा जुना मरून स्वेटर घातला होता. ज्योतीनं विणलेला. मला तो पोटावर अडकायचा, त्याला असा बसला की ज्योती म्हणाली, "मी तं यांच्यासाठीच विणला होता वाटते."

सकाळच्या बसनं गेलो. तलाव होता. तलावाजवळ घरही होतं, पक्कं, हिरव्या रंगाचं, दारात मोटारसायकल. बुधराम फाटकापाशी थांबला. आतून पुतण्या आला, धाकट्या भावाचा मुलगा. पंचायतीच्या सचिवांना मी वाटेतच बरोबर घेतलं होतं, गावची चार माणसंही जमली. पुतण्यानं काकाला ओळखलं, आणि पाया पडायच्या ऐवजी त्याच्या चेहऱ्यावर भीती आली. मला वाटतं, काका वाटणी मागायला आला, सोबत शहरातला वकीलही आणला, असं त्याला वाटलं. मी तेव्हा फाईल घेऊन उभा होतो आणि माझं पोट वकिलासारखं आहे.

तो ओरडायलाच लागला. "इथं तुझं काही नाही! ऐकून घ्या सगळ्यांनी! जुनं घर कधीच पडलं, हे माझ्या बापानं बांधलं! ह्या माणसाची इथं एक वीट नाही, एक कौल नाही!"

आणि मी हसलो. खोटं कशाला सांगू, मी आनंदानं हसलो. मी उडीच मारली म्हणा ना. "हेच! अगदी हेच लिहून द्या! एक वीट नाही, असंच लिहा!" सचिवाच्या हातात मी पेन कोंबलं. पुतण्या गोंधळला. घर नाही म्हटल्यावर खूष होणारी माणसं त्यानं पाहिली नव्हती. जरा वेळ तो सही करायलाच तयार होईना, यात काहीतरी डाव आहे म्हणून. मी त्याला तीनदा समजावलं. शेवटी पंचनामा झाला, सरपंचबाईंचा शिक्का लागला, पुतण्याची सही झाली. मी कागद वाऱ्यावर हलवत शाई वाळवत होतो आणि तेव्हा मागे वळून पाहिलं.

बुधराम मोटारसायकलपाशी उभा होता. त्याला जे ऐकवलं गेलं होतं ते मी लिहून, शिक्का मारून घेतलं होतं, आणि वर हसलो होतो. पुतण्याची बायको आतून लोट्यात पाणी घेऊन आली. तो प्यायला, लोटा परत दिला. मग मला मोटारसायकल दाखवून म्हणाला, "इथं आईची चूल होती."

बसमध्ये त्यानंच विचारलं, "कागदात तिचं नाव आहे?"

"कोणाचं?"

"सुकवारोचं."

"नाही. तुमचंच आहे."

"मग काय उपयोग?" तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मी मनात म्हटलं, म्हातारा थकलाय. पण त्यानं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. पंचनामा दिल्यावर ढोमणेंनी तो वाचला, मान हलवली आणि विचारलं, "हा निळ्या रजिस्टरात, ती लाल रजिस्टरात. हे दोघं नवरा-बायको आहेत, हे कुठं आहे? खोली जोडप्याले आहे. एकट्या माणसाले नाही."

लग्नाचा दाखला नव्हता. फोटो नव्हता. आधारही नव्हतं. रजिस्टरात 'पती' असा रकाना नव्हता. असता तर मी भरला असता हो! मी खाली मान घालून परत आलो आणि दीदीला सगळं सांगितलं. होळी नऊ दिवसांवर होती. वर सुकवारो फोटो पुसत होती, आणि तिनं गोणपाटाची घडी करून ठेवली होती, हे मी पाहिलं.

दीदी म्हणाली, "साहेबांना म्हणा, उद्या संध्याकाळी सात वाजता या. पुरावा दाखवते."

ढोमणे आले. दीदीनं त्यांना जिन्याखाली उभं केलं आणि बोट वर केलं. टप्प्यावर दोन ताटं होती. बुधराम मफलर न बांधता आला होता. सुकवारो अर्धं वाक्य त्याला, अर्धं देवाच्या फोटोला बोलत होती. हा माणूस जन्मभर असाच, छाती उघडी टाकून फिरतो, मग रात्रभर खोकतो, आणि खाली खोकला की वर माझी झोप मोडते, चाळीस माणसांत मला याचाच खोकला ओळखू येतो, माझं नशीब. बुधराम मुकाट्यानं तिच्या ताटातली मिरची उचलून स्वतःच्या ताटात ठेवत होता, कारण तिला तिखट सोसत नव्हतं. मग ती त्याच्या गळ्याभोवती मफलर बांधायला लागली, आणि बोलणं चालूच.

ढोमणे हळूच म्हणाले, "माझ्या घरीबी डिट्टो असंच बोलते." आणि तिथंच, जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून त्यांनी स्थळपाहणी लिहिली. साक्षीदार म्हणून दीदीची सही घेतली. मी पुढे झालो, तर म्हणाले, "तुम्ही राहू द्या. तुम्ही आणखी काही लिवसान."

दुरुस्त यादी होळीच्या तीन दिवस आधी लागली. शहराबाहेर, उरल्याच्या रस्त्याला, दुसरा मजला, एक खोली, एक ओटा, एक दार. सुकवारोनं आत जाऊन सगळं तपासलं. ओटा उंच आहे म्हणाली, खिडकी पश्चिमेला आहे म्हणाली, पाणी खारट आहे म्हणाली. मग दार लावून घेतलं, कडी घातली, कडी काढली, पुन्हा घातली. आम्ही बाहेर उभे होतो. दीदी म्हणाली, "चला भैया, आता ती उघडायची नाही."

आठवड्यानं मी विचारायला गेलो, झोप लागते का? बुधराम जरा दुःखी दिसला. म्हणाला, ही घोरते. इतकी वर्षं पुलावरून गाड्या जायच्या म्हणून मला कळलंच नव्हतं.

हे झालं पोट्टीला आवडणारं. तिला न आवडणारं एक राहिलं, ते थोडक्यात सांगतो. त्या होळीनंतर मी जुनी रजिस्टरं काढून बसलो. एकेका पानावर माझं अक्षर. 'पैतृक मकान, कुएँ के सामने.' 'निजी मकान, स्कूल के पीछे.' ह्यातले कितीजण कुठल्या यादीतून कटले असतील, कोण जाणे. काहींना मी शोधलं, काही सापडले, त्यांचे अर्ज पुन्हा गेले. बरेच कुठल्या कुठे निघून गेलेत. त्यांच्यासाठी मी देऊळ आणि विहिरींसकट घरं बांधून ठेवली, आणि त्या घरांनी त्यांना घर मिळू दिलं नसेल. तपासणीचे पेढे मला आठवतात तेव्हा तोंड गोड होत नाही.

मागच्या महिन्यात दुपारी बुधराम भवनात आला. मरून स्वेटर नव्हता, ऊन होतं. सोबत एक माणूस, पुलाखालून आणलेला, डोक्यावर बोचकं. बुधराम त्याला माझ्यासमोर बसवून स्वतः शेजारी उभा राहिला, मोठ्या भावासारखा. मी निळं रजिस्टर उघडलं. नाव, बापाचं नाव, वय, काम. पेन स्थायी पत्त्यावर आलं. माणूस म्हणाला, "महासमुंदकडचं गाव आहे..." माझा हात सवयीनं टेकला.

"साहेब," बुधराम म्हणाला, "आधी विचारा, तिथं घर उभं आहे का."

मी विचारलं. माणसानं मान हलवली. नाही. मी तो रकाना रिकामा सोडला. बाबांची क्षमा मागितली मनात, पण सोडला. पांढरा, स्वच्छ, बोटभर रुंद.

माणूस चादर घेऊन आत गेला. बुधराम तिथंच उभा.

"काय झालं?"

"माझं लिहा. भेटायला येणाऱ्यांचं वेगळं आहे ना रजिस्टर?"

होतं. कोणी भरत नाही, पण होतं. मी काढलं. त्यातही तो रकाना आहे. बुधरामनं हात मागे बांधले आणि शाळेत पाढा म्हणावा तसा सांगितला, ब्लॉक, मजला, खोली नंबर, उरला रोड. मी एकेक अक्षर लिहिलं. लिहून झाल्यावर त्यानं वाकून पाहिलं. त्याला वाचता येत नाही. बोट ठेवून विचारलं, "हे नाव माझं?"

"हव," मी म्हणालो.

"शेजारी तिचं लिहा."

"पण ती आज आली नाही. भेटायला तुम्ही आलात."

"आली नाही," तो म्हणाला. "पण राहते तिथंच ना."

नावाचा रकाना एका माणसाचा असतो. मी अक्षर बारीक केलं आणि दोन्ही नावं त्यात बसवली.